पान उलटं करून बघा

पावसाळ्यात सकाळी सहापासून फोनवर फोटो यायला लागतात. तळहातावर ठेवलेलं टोमॅटोचं एकच पान, त्यावर चार-दोन तपकिरी डाग आणि खाली एक ओळ : ‘सर, काय मारू?’ पान झाडाच्या बुडाचं की शेंड्याचं, ते कळत नाही. पानाची मागची बाजू दिसत नाही. असे डाग अख्ख्या प्लॉटभर आहेत की पाणी साचतं त्या कोपऱ्यातच, तेही नाही. मी उलट चार प्रश्न विचारेपर्यंत पलीकडून निरोप येतो, ‘दुकानदाराने तीन औषधं दिलीत, मारून टाकतो.’ आणि तिन्ही एकाच टाकीत जातात.

कधी कधी त्यातलं एक लागू पडतं. डाग थांबले की श्रेय तिघांनाही मिळतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तिन्ही घरी येतात. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात टोमॅटो करणाऱ्यांना हे नवं नाही. फवारणीच्या खर्चातला बराचसा भाग ‘काय झालंय’ हे न बघता ‘काय मारू’ असं विचारण्याचा असतो, असं माझं मत आहे. म्हणून आज औषधांची यादी देण्याआधी बघायचं कसं ते सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे.

सोबत चार-पाच वस्तू ठेवा : दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा कोरा कागद, धारदार ब्लेड, काचेचा ग्लास आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी. प्लॉटमध्ये निरोगी बाजूने शिरा आणि नागमोडी चालत रोगट बाजूला शेवटी पोचा. पानं ओली असताना आत शिरू नका. तुमच्या हाता-कपड्यांबरोबर रोग ओळीओळीने पुढे जातो. आणि बांधणीला, तोड्याला येणाऱ्या बायकांना विचारायला विसरू नका. प्रत्येक झाडाला हात त्यांचा लागतो. पहिला डाग बहुतेक वेळा त्यांनाच दिसलेला असतो, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

पहिला प्रश्न एवढाच : सुरुवात खालून झाली की वरून? टोमॅटोचं निम्मं निदान या एका प्रश्नात होतं.

खालून सुरू झालं असेल तर बुडाची, मातीजवळची जुनी पानं बघा. त्यावर तपकिरी-काळे डाग, आणि डागात एकात एक कडी, झाडाचा बुंधा आडवा कापल्यावर दिसतात तशी. डागाभोवती पिवळी कडा. हा लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. ती मागच्या पिकाच्या काडीकचऱ्यात राहते आणि पावसाच्या थेंबाने माती उडाली की खालच्या पानावर चढते. उबदार हवा, २४ ते २९ अंशांच्या आसपासचं तापमान आणि मधूनमधून भिजणारं पान तिला मानवतं. झाडावर फळांचं ओझं वाढलं, खत कमी पडलं की जोर करते. फळाच्या देठाशी काळा खोलगट डाग दिसला आणि त्यातही कडी असली, तर तो याच बुरशीचा.

याच खालच्या पानांवर दुसरा एक रोग येतो, तो शेतकरी सरसकट ‘करपा’ म्हणूनच धरतात. त्याचे डाग बारीक, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे, पण संख्येने भरपूर. मध्ये राखाडी, कडेला गडद. भिंगाखाली त्या राखाडी भागात काळे ठिपके दिसले, मिरपूड भुरभुरल्यासारखे, की तो सेप्टोरिया. कडी नसतात आणि फळावर सहसा जात नाही. उपाय बराचसा सारखाच असल्याने दोघांत गल्लत झाली तर फार बिघडत नाही.

उपाय फवाऱ्यापासून सुरू होत नाही. झाड तारेवर चढलं, पहिला घोस धरला की जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. कोरड्या दिवशी काढा आणि ती पिशवीत भरून प्लॉटबाहेर न्या, सरीत टाकू नका. मल्चिंग असेल तर माती उडत नाही. ठिबक असेल तर पान भिजत नाही. एवढं करूनही डाग वर सरकत असतील तर मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम, किंवा क्लोरोथॅलोनिल. ही दोन्ही पानाच्या पृष्ठभागावर थर धरणारी औषधं आहेत. डाग पडायच्या आधी किंवा पहिल्या डागाला मारली तर उपयोगी. पडलेला डाग कुठलंच औषध पुसत नाही. फवारणीनंतर चार दिवसांनी ‘डाग तसेच आहेत’ म्हणून फोन करू नका, त्याऐवजी वरच्या नव्या पानावर डाग आलेत का ते बघा.

आणि एक सवय मोडा. करपा म्हटलं की कार्बेन्डॅझिम हा हिशेब अनेकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. अल्टरनेरियावर ते चालत नाही. मॅन्कोझेबबरोबर मिसळून मिळणाऱ्या पुडीने गुण येतो तो मॅन्कोझेबचा.

खालची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या आणि डाग एकही नाही, तर तो रोगच नव्हे. फळं फुगत असताना पालाशाचा मारा जास्त झाला की मॅग्नेशियम कमी पडतं, झाड जुन्या पानांतलं काढून वर पाठवतं. मॅग्नेशियम सल्फेटची लिटरला ५ ग्रॅमने फवारणी केली की नवी पानं सुधारतात. बुरशीनाशकाला इथे काहीच काम नाही.

आता ज्या रोगात चार दिवसांचा उशीर म्हणजे प्लॉट गेला, त्याकडे. उशिरा येणारा करपा. नाव फसवं आहे, तो लागवडीनंतर महिन्यातही येऊ शकतो. रात्री थंड, दिवसा ढगाळ, पाऊस भुरभुरता, पानावर दहा-बारा तास ओल टिकलेली, तापमान १५ ते २२ अंशांच्या घरात : असं तीन-चार दिवस लागून राहिलं की डोळ्यांत तेल घालून बघा. डाग मोठे, अनियमित, गरम पाणी सांडल्यासारखे, तेलकट हिरवट-काळे. पानाच्या टोकाकडून किंवा कडेने आत सरकणारे. कडी नाहीत. खालचं पान, वरचं पान असा भेद नाही. खोडावर काळपट चट्टे पडतात आणि तिथून फांदी मोडते. हिरव्या फळावर तपकिरी, टणक, खडबडीत डाग येतो.

पान उलटं करून बघा म्हणतो ते मुख्यतः यासाठी. सकाळी लवकर, दव असताना, कडेच्या ओळीतलं पान हात न लावता वाकून बघा : डागाच्या कडेने खालच्या बाजूला पांढरी, विरळ लव दिसते. ऊन चढलं की ती दिसेनाशी होते, म्हणून दुपारी बारा वाजता काढलेल्या फोटोत रोग सापडत नाही. शंका असेल तर डागाळलेलं पान, ओल्या कागदाचा तुकडा सोबत ठेवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर घरात थंड जागी ठेवा. सकाळी डागावर पांढरी लव फुटली तर हा उशिराचा करपाच. लवकरच्या करप्यावर पांढरं फुटत नाही.

हा फायटोप्थोरा. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजवून दुष्काळ आणला तो हाच. टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले, म्हणून शेजारच्या शेतात बटाटा असेल तर तिथून येतो आणि तिथे जातो. शास्त्राच्या दृष्टीने ही खरी बुरशीही नाही, पाण्यात वाढणाऱ्या वेगळ्याच जातकुळीतला जीव आहे. ही माहिती परीक्षेपुरती नाही. यामुळेच कार्बेन्डॅझिमसारखी औषधं त्याच्यावर वाया जातात. हवा तशी बनायला लागली की आधी मॅन्कोझेबचं संरक्षण असावं. डाग दिसल्या दिवशी सायमोक्झॅनिल व मॅन्कोझेब किंवा मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब यांपैकी एक मिश्रण, डब्यावरच्या प्रमाणात. पुन्हा मारायची वेळ आली तर तेच नका घेऊ, घटक बदला. जास्त पसरलेली झाडं मुळासकट काढून पिशवीत भरून बाहेर. भर पावसात औषध धुऊन जातं. दोन-तीन तासांची उघडीप साधावी लागते आणि ती रात्री आठला मिळाली तर बॅटरी लावून फवारलेलं मी पाहिलंय.

पावसाळी डागांमधला तिसरा गडी जिवाणूचा. डाग लहान, काळे, ओलसर, कोनाकोनाचे. उजेडासमोर पान धरलं की डागाची कड पाणी भरल्यासारखी दिसते. कडी नाहीत, लव नाही. पुढे डागाची मधली जागा गळून भोकं पडतात. फळावर खरखरीत खपल्या. कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला २.५ ग्रॅम, हा इथला आधार. पण तो पसरणं कमी करतो, रोग बरा करत नाही. रोग बियाण्यातून येऊ शकतो. घरचं बी धरत असाल तर पेरण्याआधी ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवा. तापमान मोजूनच ठेवा, बोट घालून अंदाज करू नका, नाहीतर बी शिजतं.

कोकणातून आणि गोव्यातून येणारा फोन निराळा असतो. ‘काल झाड हिरवंगार होतं, आज मान टाकली.’ पानावर डाग नाही, पिवळेपणा नाही, जमिनीत ओल आहे, तरी झाड सुकतं. अशा झाडाचं खोड बुडाशी कापा, चार बोटं लांबीचा तुकडा घ्या आणि ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून स्थिर धरा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणूजन्य मर. हा मातीतून येतो आणि वर्षानुवर्षं तिथे राहतो. फवाऱ्याने काहीही होत नाही. त्या जागी काही हंगाम टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका; घ्यायचाच असेल तर रोगाला तोंड देणाऱ्या वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं किंवा सहनशील वाण निवडा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकर जिवाणूजन्य मर, लवकर येणारा करपा आणि पर्णगुच्छ अशा तिन्हींना तोंड देण्यासाठी काढलेला आहे. त्यानंतरच्या ‘अर्का अभेद’मध्ये उशिरा येणाऱ्या करप्याचीही भर पडली. ग्लासात धागा दिसला नाही, आणि झाड एका अंगाने पिवळं पडत हळूहळू सुकत गेलेलं असेल, खोड उभं चिरल्यावर आतून तपकिरी असेल, तर ती बुरशीची मर.

वरून, म्हणजे शेंड्याकडून सुरू झालं असेल तर मन घट्ट करा. बहुतेक वेळा तो विषाणू असतो.

नवी पानं बारीक, वरच्या बाजूला वळलेली, कडा पिवळ्या, पेरं आखूड, झाड खुजं, फुलं गळतात : हा पर्णगुच्छ, गावाकडचा बोकड्या. पांढरी माशी तो आणते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे लागवडीनंतर पंधरा दिवसांत बोकड्या दिसला तर लागण तुमच्या शेतात झालेली नसते, रोपवाटिकेतून आलेली असते. एका हंगामात माझ्या स्वतःच्या वीस गुंठ्यांत असंच झालं होतं. रोपं दिसायला इतकी टवटवीत होती की जाळी फाटलेली पाहूनही मी ट्रे उचलून आणले. तेव्हापासून रोपं घेताना रोप नंतर बघतो, आधी नायलॉनची जाळी बघतो : ४० ते ५० मेशची आहे का, दाराला दुहेरी पडदा आहे का, आत पिवळे सापळे टांगलेत का आणि त्यांवर काय चिकटलंय.

शेंड्याची पानं तांबूस-जांभळट पडणं, त्यावर काळे ठिपके, शेंडा आणि कोवळं खोड करपल्यासारखं होणं, फळावर पिवळट वर्तुळं : हा फुलकिड्यांनी आणलेला टोस्पो. याला करपा समजून बुरशीनाशकांचे चार-चार हात मारलेले प्लॉट दरवर्षी बघतो. फुलकिड्यांची एक गंमत आहे. पिल्लू असताना ज्याने रोगट झाड चाखलं तोच मोठा होऊन रोग पसरवतो. मोठेपणी चाखलेला पसरवू शकत नाही. मोठे फुलकिडे आले की मारून काढू, हा हिशेब म्हणून उशिराचा ठरतो. पिल्लं झाडावर वाढू न देणं महत्त्वाचं, आणि त्यांची कोषावस्था बहुतेक मातीत जात असल्याने चंदेरी मल्चिंगचा इथे दुहेरी फायदा होतो.

२०२० च्या उन्हाळी हंगामात अकोले-संगमनेर भागात फळं पिवळी, लाल, हिरवी अशी चट्ट्यापट्ट्याची पिकायला लागली आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. बाजारात तो माल कुणी हातात धरेना. नमुने तपासले तेव्हा एकच नवा रोग नसून काकडीवरच्या मोझॅक विषाणूसह एकाहून जास्त विषाणूंची सरमिसळ असल्याचं पुढे आलं. हा मोझॅक माव्यामार्फत पसरतो, आणि मावा काही क्षण सोंड टोचून पुढच्या झाडावर जातो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून लागवडीच्या आधी प्लॉटभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लावा. मावा आधी मक्यावर उतरतो, तिथे टोचतो आणि सोंडेतला विषाणू तिथेच पुसला जातो.

विषाणू झालेल्या झाडाला औषध नाही. मोबाइलवर कुणी ‘व्हायरस क्लीन’ म्हणून काही विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. लागवडीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात दिसलेलं प्रत्येक रोगट झाड उपटा. त्यावरच्या माश्या उडू नयेत म्हणून आधी पिशवीने झाका, मगच उपटा. झाडं फळांनी लगडल्यावर लागण झाली असेल तर उपटण्यात फार अर्थ उरत नाही, मग किडीवर लक्ष ठेवा. पांढऱ्या माशीला पिवळे आणि फुलकिड्यांना निळे चिकट सापळे. सुरुवातीला निंबोळी अर्क ५ टक्के : ५ किलो कुटलेली निंबोळी १० लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून त्याचं १०० लिटर द्रावण. वाढत्या प्रादुर्भावाला स्पायरोमेसिफेन, लिटरला सव्वा मिलिलिटरच्या आसपास. ते पांढऱ्या माशीच्या पिल्लांवर आणि लाल कोळ्यावरही चालतं.

तंबाखू खाणाऱ्यांनी रागावू नये, पण तंबाखू मळलेल्या हाताने फुटवे काढले, सुतळी बांधली की त्यातून तंबाखूवरच्या मोझॅकचा विषाणू टोमॅटोला लागू शकतो. साबणाने हात धुऊन मगच झाडाला हात लावा. साय काढलेल्या दुधात हात बुडवून फुटवे काढण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे, दुधातल्या प्रथिनांनी हा विषाणू निकामी होतो.

शेंडा वळलेला आहे, पण विषाणू नाही, असंही होतं. पानं नेच्यासारखी अरुंद, पिळवटलेली, शिरा समांतर झालेल्या आणि असं प्लॉटच्या एकाच बाजूला, अचानक, सगळ्या झाडांना? शेजारी ऊस आहे का बघा. उसातल्या तणावर मारलेलं टू-फोर-डी वाऱ्याने टोमॅटोवर आलेलं असतं. टोमॅटो त्याला इतका नाजूक आहे की तणनाशकाला वापरलेला पंप नीट न धुता टोमॅटोवर चालवला तरी पुरतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगाने फुली मारा. उलट खालची पानं जाड होऊन द्रोणासारखी वर वळली आहेत, रंग हिरवा आहे, शेंडा निरोगी आहे, तर ऊन किंवा जास्त छाटणीचा तो परिणाम. काही करू नका.

आता किडी. पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली की नागअळी, हे पोरंही सांगतात. पण २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदवला गेलेला टुटा नावाचा पतंग आल्यापासून प्रत्येक पांढरी खूण नागअळीची नसते. पान सूर्याकडे धरा. रेघ एकसारखी बारीक, वळणावळणाची असेल तर नागअळी. रेघ फुगून पापुद्र्यासारखा मोठा चट्टा झालेला असेल, आत काळी विष्ठा साठलेली असेल आणि हिरवट-गुलाबी अळी हलताना दिसत असेल तर टुटा. नागअळी पान खाते आणि झाड बहुधा ते सोसतं. टुटा शेंड्यात शिरतो, देठाखालून फळात जातो आणि टाचणीच्या टोकाएवढं छिद्र ठेवतो. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते. टुटाचे कामगंध सापळे लागवडीबरोबरच लावा. सापळ्यातल्या भांड्यात पाणी आणि थोडा साबण किंवा तेल ठेवलं तर पतंग बुडून मरतात. चट्टा असलेली पानं तोडून पिशवीत बांधून उन्हात ठेवा, बांधावर टाकलीत तर अळी बाहेर पडून दुसऱ्या पानात जाते.

फळ पोखरणारी हिरवी अळी वेगळी. तिचं छिद्र मोठं, गोल, आणि ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी सापडते. एका अळीचं एका फळाने भागत नाही, ती फळामागून फळ नासवते. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ ही जुनी शिफारस आजही चालते, अट एकच : झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा मोठं, साधारण ४० दिवसांचं असावं, म्हणजे दोघांना फुलं एकदम येतात आणि पतंग झेंडूवर अंडी घालतात. एकरी पाच कामगंध सापळे. अळ्या बारीक असताना विषाणूजन्य एचएएनपीव्ही संध्याकाळी फवारा. उन्हात तो टिकत नाही. रासायनिक वापरायचं तर क्लोरअँट्रानिलीप्रोल, लिटरला ०.३ मिलिलिटर, ते टुटावरही चालतं, म्हणूनच एका हंगामात दोनापेक्षा जास्त वेळा वापरू नका. टुटा अशा औषधांना लवकर सरावतो.

उन्हाळ्यात पान वरून बारीक पिवळ्या ठिपक्यांनी भरलं, धुरकट दिसायला लागलं, तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेली धूळ चालायला लागली तर लाल कोळी. तो किडा नसून कोळ्यांच्या जातीचा आहे, साधी कीटकनाशकं त्याला लागत नाहीत. उलट पायरेथ्रॉइड गटातली औषधं वारंवार मारली की त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट होतो. नागअळीचंही तसंच. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक किंवा मघाचं स्पायरोमेसिफेन. गंधक कडक उन्हात मारू नका, पान भाजतं.

फवारणीबद्दल थोडं. कोळी, पांढरी माशी, मावा, उशिराच्या करप्याची लव, सगळे पानाखाली राहतात आणि फवारा वरून जातो. नोझल खालून वर वळवा. डब्यावरचं व्यापारी नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. दोन बाटल्यांची नावं निराळी आणि आतलं औषध एकच, हे दर आठवड्याला बघतो, आणि शेतकरी म्हणतो, ‘औषध बदलून बघितलं की.’ टोपणाने मोजू नका. मोजमापाचं भांडं स्वस्त आहे. लेबलवर टोमॅटोचं नाव आहे का बघा आणि शेवटची फवारणी ते तोडा यात किती दिवस सोडायचे तेही. तोडा सुरू झाला की तीन-चार दिवसांआड माल निघतो. मग ज्याला दहा दिवस थांबायला सांगितलंय ते औषध हाताशी धरायचंच नाही, तीन दिवसांचं निवडायचं.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते पीक वेगळं होतं, पंप आणि सवयी आपल्यासारख्याच होत्या. डोकं गरगरलं, घाम सुटला, डोळ्यांसमोर अंधारी आली तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. डबा नेला की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

शहरात गच्चीवर, गॅलरीत चार कुंड्या लावणाऱ्यांचे फोटोही येतात. त्यांना सहसा यातलं एकही रासायनिक औषध लागत नाही. डागाळलेली खालची पानं कात्रीने काढा, पाणी पानांवर न ओतता मातीत घाला, दोन कुंड्यांत वारा खेळेल एवढं अंतर ठेवा. मावा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी. त्यांचा सगळ्यात जास्त येणारा फोटो बुडाशी काळ्या पडलेल्या फळाचा असतो. ती कीड नाही, रोगही नाही. कुंडी कधी कोरडीठाक, कधी तुडुंब, अशा पाण्यामुळे फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. रोज थोडं, ठरलेल्या वेळी पाणी द्या, पुढची फळं चांगली येतात.

शेवटचं, आणि हे शेतातल्यांसाठी. भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही आणि प्लॉट तसाच सोडला जातो. जनावरं सोडतात, ठिबक गुंडाळतात, झाडं तारेवर वाळत राहतात. समजण्यासारखं आहे, वीस किलोचं कॅरेट मातीमोल गेलेल्या माणसाला आणखी एक दिवस मजुरी घालून झाडं उपटायला सांगणं सोपं नाही. पण त्या उभ्या प्लॉटमध्ये टुटा, पांढरी माशी आणि करपा बिनधास्त वाढत असतात, आणि चार बांध ओलांडून कुणाचं तरी नवं रोप लागत असतं. झाडं उपटून एका जागी ढीग करा, त्यावर जुना मल्चिंगचा कागद टाकून कडा मातीने दाबा आणि काही आठवडे उन्हात राहू द्या. सुतळी पुन्हा वापरू नका, ती याच ढिगात टाका. बांबू पुढच्या हंगामासाठी ठेवणार असाल तर त्यांची मातीत गेलेली टोकं धुऊन, उन्हात वाळवून मगच रचा.